कडुनिंबाखालची काठिण्यपातळी

जुळे सोलापुरात सावली कशी वाटावी, हा प्रश्न मी सोडवला आहे. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण सुरुवातीलाच एवढी फुशारकी बरी दिसत नाही असं माझ्या बायकोचं, प्रभाचं, म्हणणं पडलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि ठेवलं. जे केलं ते केलं म्हणायला लाज कसली? पाटबंधारे खात्यात मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. त्या खात्यात लोकांनी न बांधलेल्या गोष्टींबद्दलही सत्कार घेतलेले मी पाहिले आहेत.

आमच्या सुखनिवास सोसायटीत बारा बिऱ्हाडं, आठ मोटारी, बऱ्याचशा स्कूटरी आणि कडुनिंब एक. त्याच्याखाली एका मोटारीपुरती जागा. उन्हाळ्यात ही जागा ज्याला मिळते तो माणूस दुपारी ऑफिसला किंवा बाजाराला निघताना शांतपणे गाडीत बसतो. बाकीचे आधी चारी दारं उघडतात, मग सीटवर ओला पंचा टाकतात, मग स्टिअरिंगला बोट लावून बघतात आणि बोट तोंडात घालतात. माझी स्कूटर आहे. एप्रिलपासून तिच्या सीटवर बसणं हे माझ्या वयाच्या माणसानं चारचौघांत करावं असं काम उरत नाही.

पूर्वी पाळी लावून पाहिली होती. ती मोडली, कारण लग्नाला गावी गेलेल्यांनी आपापल्या चुकलेल्या पाळ्या परत मागितल्या. मग चिठ्ठ्या टाकल्या. तीन दिवस लागोपाठ आमच्या सेक्रेटरींची, म्हणजे बापूसाहेबांची, चिठ्ठी निघाली. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या सिद्धप्पांनी डब्यात हात घातला आणि जाहीर केलं की, "एक चिठ्ठी गार लागायलीय की हो. फ्रिजमदनं काढून आणल्यागत." बापूसाहेबांनी त्यावर जे भाषण केलं त्यात त्यांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा प्रामाणिकपणा आला, पण फ्रिजचा उल्लेख कुठेच आला नाही. त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद आणि जागा बापूसाहेबांच्या पांढऱ्या मोटारीकडे 'तात्पुरती'. सोसायटीत तात्पुरती म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच कळतं.

अशात आमच्या देवयानीचा पुण्याहून फोन आला. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. नवी पेठेतल्या माझ्या एका मित्राच्या भाच्यानं घरात आभासी चलनाचं मायनिंग करायचं यंत्र बसवलं होतं आणि त्यातून आजवर फक्त उष्णता निघाली होती. सोलापुरात राहून उष्णता विकत घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून मी तिला विचारलं की त्याला काही मिळत कसं नाही.

"बाबा, तिथं खणत काही नाहीत," देवयानी म्हणाली. "जगभरची यंत्रं एकसारखे आकडे काढत असतात. फासे टाकल्यासारखे. ठरलेल्या हद्दीपेक्षा लहान आकडा ज्याचा पहिल्यांदा निघेल त्यानं सगळ्यांच्या सामायिक वहीचं पुढचं पान लिहायचं, आणि बक्षीस त्याला. साधारण दहा मिनिटांत एक पान व्हावं असा हिशेब."

"आणि यंत्रं वाढली की?"

"लोक जास्त, फासे जास्त, मग आकडा लवकर निघायला लागतो. म्हणून दर दोन आठवड्यांनी हद्द खाली येते. आकडा आणखी लहान हवा. यंत्रं कमी झाली तर हद्द वर जाते. त्याला डिफिकल्टी म्हणतात. त्यामुळं कितीही यंत्रं आली तरी पान आपलं दहा मिनिटांच्या आसपासच."

"हे ठरवतं कोण?"

"कोणीच नाही, बाबा. नियम सगळ्यांकडं लिहिलेला असतो. मागची पानं किती वेळात झाली ते बघायचं आणि पुढची हद्द काढायची. प्रत्येकाला सारखंच उत्तर येतं. अध्यक्ष नाही, सेक्रेटरी नाही."

सेक्रेटरी नाही, हे ऐकल्यावर मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आकडा सापडायला भयंकर कष्ट आणि तो खरा आहे हे तपासायला एक नजर पुरे, असं ती पुढं म्हणत होती. आणखीही पुष्कळ बोलली. पण माझ्या डोळ्यांपुढे कडुनिंब उभा राहिला होता.

पुढच्या रविवारच्या सभेत मी योजना मांडली. दररोज सकाळी सहाला कडुनिंबाखाली जमायचं. प्रत्येकानं स्टीलच्या पेल्यात चार फासे घालून हलवायचे आणि ताटात टाकायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा टाकायचे. चारी फाशांची बेरीज ठरलेल्या हद्दीत ज्याची आधी येईल तो त्या दिवसाचा मानकरी, दिवसभर सावली त्याची. मानकरी साधारण दहा मिनिटांत मिळावा. दर रविवारी आठवड्याची सरासरी काढायची. लवकर मिळत असेल तर हद्द खाली, उशीर होत असेल तर वर. मधल्या दिवसांत हद्दीला कोणीही हात लावायचा नाही. "मीसुद्धा नाही," असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. ह्या वाक्याला टाळी मिळेल असं वाटलं होतं. ती मिळाली नाही.

"एवढा कुटाणा कशाला म्हणतो मी," सिद्धप्पा म्हणाले. ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी आणि भांडायला मराठी. "एकदाच फासे टाका, ज्याचं कमी त्याची जागा. इल्ला अंदरे, न्हाईतर, पयलं येईल त्याला द्या."

दुसऱ्या मजल्यावरच्या गैबीसाबांचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. ते म्हणाले, "यज्ञेश्वरराव, माझं ऐका. अजून चार झाडं लावू. पाच-सहा वर्षांत काय झगडाच राहणार न्हाई."

एकदाच टाकून का चालत नाही, हे मी समजावलं. रोज एकेकदाच टाकायचं तर कोणी टाकलं, कोणी दोनदा टाकलं, ह्यावर पाळत ठेवणारा माणूस लागतो आणि तो माणूस म्हणजे पुन्हा सेक्रेटरी. इथं हव्या तेवढ्या वेळा टाका. पाळतच नको. बापूसाहेब डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हरकत नाही. मृगापर्यंत प्रयोग करा. पण एक अट. एखाद्या दिवशी दुपारी बारापर्यंत तुमचा मानकरी सापडला नाही, तर हा खेळ बंद आणि जागा कमिटीकडं. कायमची."

कमिटी म्हणजे कोण ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रभानं मला मागून चिमटा काढला. पण मला स्फुरण चढलं होतं. बारा कशाला, मी तुम्हाला दहा मिनिटांत मानकरी देतो, असं म्हणून मी ठरावावर सही केली.

पहिल्या दिवशी मी हद्द ठेवली आठ, म्हणजे बेरीज आठ किंवा त्याहून कमी. सगळे बसले, मी प्रास्ताविकाला उभा राहिलो आणि 'मित्रहो' म्हणतोय तोवर बापूसाहेबांच्या पत्नींनी एक, दोन, दोन, तीन टाकून जागा जिंकलीसुद्धा. मानकरी दहा मिनिटांत मिळायचा होता तो दहा सेकंदांत मिळाला. पूर्ण आठवडा हेच. माझं प्रास्ताविक एकदाही 'मित्रहो'च्या पुढं सरकलं नाही. सिद्धप्पा म्हणाले की मग गार चिठ्ठीत वाईट काय होतं. मी म्हणालो, रविवार येऊ द्या. रविवारी नियमाप्रमाणं हद्द आठावरनं पाचावर आली, म्हणजे तीन एक्के आणि एक दुग्गी, किंवा चारी एक्के. सोमवारी मानकरी सापडायला बारा मिनिटं लागली, मंगळवारी सात, बुधवारी अकरा. कोणालाही काही न विचारता आमचं झाड घड्याळागत चालायला लागलं. त्या आठवड्यात मी जिन्यातून वर जाताना कठड्याला हात लावत नव्हतो.

मानकरी म्हटल्यावर मान आला, आणि मान आल्यावर सोलापूरकराच्या अंगात काय येतं हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्याकडं गाडीच नाही ते तिसऱ्या मजल्यावरचे जोशी एक दिवस जिंकले, तर त्यांनी तिथं आरामखुर्ची टाकली आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत बसले. मी स्वतः तोवर एकदाही जिंकलो नव्हतो. पण ज्यानं रस्ता बांधला त्यानं त्यावरून पहिलं जायलाच हवं असं नसतं.

मग सिद्धप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. जितके हात जास्त तितके फासे जास्त. त्यांच्या घरी पुतणीच्या लग्नाची तयारी चालू होती आणि अक्कलकोटकडची पाहुणे मंडळी महिनाभर आधीच उतरली होती. त्यांनी सगळ्यांना पेले दिले. दुसऱ्या दिवशी इतरांनीही उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आलेले मेहुणे, भाचे, साडू खाली आणून बसवले. रविवारी हद्द चारावर आली, म्हणजे चारी एक्के. तरी मानकरी दोन मिनिटांत निघायला लागला, कारण खाली आता पन्नास माणसं बसत होती आणि पोरांचे हात यंत्रासारखे चालत होते. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की अहो, सगळ्यांनीच माणसं वाढवली की कोणाचाच वाटा वाढत नाही. सावली तेवढीच, दिवसाला मानकरी एकच, नुसती मेहनत वाढते. सगळे मान हलवत आणि संध्याकाळी आणखी एका साडूला फोन करत.

"मी कालपासून इतके फासे टाकले," जोशी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, "आता तर माझे यायलाच पाहिजेत."

"फाशांना कालचं आठवत नाही, जोशी," मी म्हणालो. "प्रत्येक टाकणं नवं."

"मग माझी मेहनत गेली कुठं?"

नवी पेठेतला भाचाही हाच प्रश्न विचारत होता.

पन्नास ताटांत पहाटे फासे पडायला लागल्यावर शेजारच्या सोसायटीतून तक्रार आली. गैबीसाबांनी दुकानातनं चादरी आणल्या, त्या अंथरून फासे त्यांवर टाकायला लागलो आणि आवाज बंद झाला. पण त्यामुळं दुसरीच आफत आली. लांबून बघणाऱ्याला आता काय दिसत होतं, तर झाडाखाली चादरी अंथरून पन्नास माणसं मांडी घालून बसलीत आणि गुपचूप फासे टाकताहेत. तिसऱ्या दिवशी फाटकातनं हवालदार आत आले. छातीवर नाव होतं, अजिनाथ.

"कुनाचा अड्डा हाय ह्यो?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. शोधाचं श्रेय मला एकमतानं मिळाल्याचा हा पहिला प्रसंग.

"हा अड्डा नाही," मी म्हणालो. "ही विकेंद्रित व्यवस्था आहे."

"पैसं कुटं हायत?"

"पैसे नाहीत."

"मग लावता काय?"

"सावली."

अजिनाथांनी वर झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. आकडा, हद्द, दहा मिनिटं, रविवार. ते लक्षपूर्वक ऐकत होते. "म्हंजी मानसं वाढली की तुमी अवघड करनार, मानसं गेली की सोपं करनार," ते म्हणाले.

"मी नाही करणार. नियम करणार."

"नियम कुनी केला?"

"मी."

"मग तुमीच की." ह्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण ते दीर्घ होतं. त्यांनी नुसतं बघायला म्हणून एक पेला मागून घेतला, बराच वेळ फासे टाकले आणि काहीच आलं नाही तेव्हा उठून पॅन्ट झटकली. "जुगार न्हाय ह्यो. जुगारात कदी कदी तरी येतंय. पन परवानगी काढून ठेवा, सायेब. लेखी असलेलं बरं असतंय."

लेखी परवानगीसाठी मी तीन खिडक्यांवर गेलो. पहिल्या खिडकीनं विचारलं, कार्यक्रम धार्मिक का राजकीय. दुसऱ्या खिडकीनं, झाड तोडायचं आहे का. झाड तोडायचं नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि विषयाच्या रकान्यात माझ्यादेखत 'मनोरंजन (घरगुती)' असं लिहून शिक्का मारला. उभी हयात सरकारी कागदावर घालवलेल्या माणसाच्या शोधाला मनोरंजन म्हणावं, तेही घरगुती, हे मला लागलं. घरी येऊन जेवलो नाही. प्रभा म्हणाली, "शिक्का बसला ना? मग भाकरी खा."

तो पुरा आठवडा गर्दीचा गेला आणि रविवारी नियमानं आपलं काम केलं. चार फासे आता पुरेनात. मागच्या आठवड्याच्या वेळा मांडल्या, हद्द काढली आणि मी फळ्यावर लिहिलं की उद्यापासून फासे पाच, आणि पाचही एक्के. पन्नास वेगवान हातांना हे दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. फळा वाचून बापूसाहेब एकदम प्रसन्न हसले. ते का हसले हे मला दुपारी चारला कळलं, जेव्हा फाटकाशी लग्नाची बस येऊन उभी राहिली.

सिद्धप्पांच्या पुतणीचं लग्न सोमवारी कुर्डुवाडीला होतं. सिद्धप्पा मनाचे मोठे. त्यांनी पूर्ण सोसायटीला आमंत्रण दिलं होतं, आणि सोसायटी पूर्ण निघाली होती. पाहुणे गेले, साडू गेले, भाचे गेले, आरामखुर्चीवाले जोशी गेले. आम्ही थांबलो, कारण व्यवस्था चालवणारा लग्नाला जाऊ शकत नाही. प्रभा थांबली, कारण मी थांबलो, आणि ह्याबद्दल ती माझ्याशी सोमवारी दुपारपर्यंत कामापुरतंच बोलली. गैबीसाब थांबले, कारण त्यांच्या जमीलाबींचा गुडघा सुजला होता. आणि बापूसाहेब थांबले.

सोमवारी सकाळी सहाला ते कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून खाली आले, खुर्ची मागवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या स्टुलावर ठेवलं. "मी निरीक्षक," ते म्हणाले. "चालू द्या."

पन्नास हातांसाठी काढलेली हद्द आणि हात आमचे तिघांचे. मी मनाशी हिशेब केला. नशीब साधारण असलं तर सात तास. बारा वाजायला सहा तास होते. हिशेब मी कोणाला सांगितला नाही.

आम्ही टाकायला लागलो. आठ वाजले. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. प्रभानं टाकता टाकता लसूण सोलून घेतला. गैबीसाब दर दहा टाकण्यांना एकदा जमीलाबींना वर हाक मारून गुडघा कसा आहे विचारत आणि त्या वरून उत्तर देत, "तुमचं ते पेल्यातलं खटर-खटर थांबलं की बरा हुईल." एकदा माझे चार एक्के आणि एक पंजा पडला. मी पंजाकडं इतका वेळ पाहत बसलो की प्रभानं तो उचलून पेल्यात टाकला.

"यज्ञेश्वरराव," दहाच्या सुमाराला बापूसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "माणसं गेली की सोपं होतं ना तुमच्यात? मग करा की सोपं. फळा तुमचा, खडू तुमचा. मी काय बघितलं नाही म्हणतो."

गैबीसाब आशेनं माझ्याकडं बघायला लागले. त्यांच्या बोटांना फोड आले होते. खरं सांगतो, माझा हात खडूकडं गेला. नियमाचा उद्देश सावली वाटणं हा होता आणि समोर सावली मोकळी पडली होती. पण खडू उचलला की मी सेक्रेटरी झालो. आणि मग बापूसाहेबांत आणि माझ्यात फरक एवढाच उरला असता की त्यांच्याकडं फ्रिज मोठा आहे.

"सोपं होतं, पण रविवारी," मी म्हणालो. "आज सोमवार आहे."

"मग जागा गेली."

"जाऊ दे. नियम मोडून ठेवलेली जागा मला नको." मी पुन्हा पेला उचलला, आणि मला आठवतंय, सकाळपासून पहिल्यांदा प्रभानं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

निरीक्षण करून बापूसाहेब कंटाळले असावेत. साडेदहाला त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. पावणेअकराला खुर्चीवरून उतरून चादरीच्या कडेला बसले. "नुसतं बसून पाय आखडतात," म्हणाले. "एक पेला द्या इकडं." नियमाप्रमाणं सोसायटीतल्या कोणालाही टाकता येतं, म्हणून मी दिला. त्यांनी सुरुवातीला दोन बोटांनी, फार थोर माणसाला शोभेल असं टाकलं. थोड्या वेळानं बाह्या वर गेल्या. मग इस्त्रीच्या विजारीची मांडी पडली. मग ते फाशांशी पुटपुटत बोलायला लागले. त्यांच्या पत्नी जिंकल्या होत्या, जोशी जिंकले होते, सिद्धप्पांच्या साडूचा मेहुणाही एक दिवस जिंकला होता. स्वतः बापूसाहेब, माझ्यासारखेच, एकदाही जिंकले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बाराला थोडी मिनिटं होती. प्रभा कुकर उतरवायला वर गेली होती. गैबीसाब जमीलाबींना गोळी द्यायला गेले होते. माझा एक फासा उसळून स्कूटरखाली गेला, म्हणून मी उन्हात पोटावर पडून हात लांब करत होतो. फरशी इतकी तापलेली होती की मी नियमाला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. एवढ्यात मागून आवाज आला, अगदी हलका.

"यज्ञेश्वरराव. जरा इकडं या. चादरीला पाय लावू नका."

मी उठून बघितलं. बापूसाहेब दोन्ही हात मागं धरून बसले होते, जणू पुढं धरले तर श्वासानं काही हलेल. चादरीवर पाच फासे होते. पाच एक्के.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. घड्याळ त्यांच्या हाताच्या अंतरावर. हात एकदा फिरवला असता तर फासे गोळा झाले असते आणि बारा वाजता जागा त्यांची झाली असती, कायमची. हे सगळं मला कळलं आणि त्यांना ते माझ्या आधी कळलेलं असणार, कारण त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"बापूसाहेब," मी म्हणालो, "थोडं थांबला असतात तर..."

"पाच एक्के पडलेत हो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "झाकून ठेवू का काय? मोजा तुम्ही. वहिनींना बोलवा. गैबीसाबांना बोलवा. कोणीही हात लावायचा नाही, सगळ्यांनी बघितल्याशिवाय."

प्रभा आली, गैबीसाब आले, जमीलाबीसुद्धा सुजलेला गुडघा घेऊन दोन मजले उतरल्या. सगळ्यांनी एकेका नजरेत तपासलं. सहा तास लागलेल्या गोष्टीला खरं म्हणायला एक क्षण पुरला. बापूसाहेबांनी पांढरी मोटार आणली आणि योजनेआधी जिथं ती हक्कानं उभी राहत होती तिथंच अशी हळू लावली की जणू ती जागा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मग त्यांनी कुर्डुवाडीला फोन लावला. पंगत बसली होती, तरी त्यांनी सिद्धप्पांना वाढणं थांबवून ऐकायला लावलं.

माझ्या छातीत काय झालं ते सांगतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ परिपत्रकं काढली. त्यांतल्या एकाही परिपत्रकानं कोणा माणसाकडून त्याच्या तोट्याची गोष्ट आनंदानं वदवून घेतली नव्हती. माझ्या नियमानं ती घेतली, तीही सेक्रेटरीकडून. मला उन्हात उभ्या स्कूटरचा अभिमान वाटला, फळ्याचा वाटला, बापूसाहेबांचाही वाटला, आणि हे शेवटचं लिहिताना मला अजून थोडं अवघड जातं.

मृग आला. सभेत योजना कायम करण्याचा ठराव बापूसाहेबांनी स्वतः मांडला, आणि त्या भाषणात पाच एक्के कसे पडले ते दोनदा सांगितलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीत, शेजारच्या सोसायटीत आणि आता म्हणे विजापूर रोडपर्यंत ह्या पद्धतीला 'बापूसाहेबांचे फासे' म्हणतात. शेजारचे लोक ती शिकायला येतात आणि थेट त्यांच्या दारावरची बेल वाजवतात. मी सुरुवातीला काही जणांची चूक दुरुस्त करून पाहिली. ते सौजन्यानं ऐकतात आणि विचारतात, बापूसाहेब घरात आहेत का.

मी देवयानीला फोन करून हा अन्याय सांगितला. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. ज्यानं त्या आभासी चलनाची मूळची पद्धत काढली, त्याचं खरं नाव आजवर जगाला माहीत नाही."

मी फोन ठेवला, सदरा बदलला आणि खाली जाऊन तापलेल्या स्कूटरवर ताठ बसलो. म्हणजे ह्या शोधात नाव नसलेले आता आम्ही दोघं झालो.